फळ्यांखालचा हौद

मामांच्या यादीत दक्षिणेश्वर नव्हतं, व्हिक्टोरिया मेमोरियल नव्हतं, मिष्टी दोई तर नव्हतंच (मधुमेह). एकच जागा होती : श्रीरामपूर. "नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं," असं निघण्याआधी त्यांना निदान दहा नातेवाइकांना समजावून सांगावं लागलं. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सांगलीच्या एका छापखान्यात त्यांनी एक्केचाळीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. शिशाचे खिळे मोडीत गेले त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे मामीकडून कळलेलं. तर मराठी अक्षरांचे अगदी सुरुवातीचे खिळे जिथे ओतले गेले, ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची होती. सोबतीला मी, कारण बँकेतली माझी रजा वाया जाणार होती.

चर्च बघायचं मात्र माझ्या डोक्यात होतं. श्रीरामपूरचा छापखाना चालवणारे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघेही बॅप्टिस्ट मिशनरी. त्यांनीच कलकत्त्यात बांधलेलं चर्च बोबाजारात अजून उभं आहे, रविवारी तिथे उपासनाही होते. मामा म्हणाले, "चर्च काय, आपल्या मिरजेतही आहे की. पण चल."

शुक्रवार

पहाटे हावड्याला उतरलो, लॉजवर आंघोळी उरकल्या आणि दहाच्या सुमारास सेंट्रल मेट्रोला बाहेर पडलो. बोबाजारच्या रस्त्याचं आताचं नाव बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट. पण ते नाव पाट्यांपुरतं, कंडक्टर ओरडतो ते "बोबाजार, बोबाजार"च. एका अंगाला सोनारांची दुकानं, पुढे लालबाजारचं पोलीस मुख्यालय. सोनं आणि पोलीस यांच्यामध्ये एक फाटक, आणि आत चर्च.

मी मनात जे चर्च घेऊन आले होते, तसं हे नव्हतं. आपल्याला मुंबईचं अफगाण चर्च माहीत असतं, वसई-गोव्याकडची पांढरीशुभ्र चर्चं माहीत असतात. इथे तसा दिमाख कशालाच नाही. फाटकावरची पाटी वाचली नाही, तर जुनी शाळा समजून माणूस पुढे जाईल.

"हे?" मामा म्हणाले.

हेच. १ जानेवारी १८०९ ला, रविवारच्या दिवशी, हे उघडलं. तेव्हा याला लालबाजार चॅपल म्हणत, आता केरी बॅप्टिस्ट चर्च म्हणतात. कंपनी सरकारचं चर्च थोड्याच अंतरावर होतं, सेंट जॉन्स. तिथे गव्हर्नर जनरल जायचे, त्याला शिखर होतं. या गल्लीतल्या चॅपलमध्ये यायचे फोर्ट विल्यममधले साधे शिपाई, आर्मेनियन आणि पोर्तुगीज वंशाची गरीब माणसं, आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बायकांची मुलं. त्या मुलांसाठी केरी-मार्शमननी १८१० मध्ये या बोबाजार भागातच धर्मादाय शाळाही काढली.

साधेपणामागे पैशाचा प्रश्न होताच, पण मताचाही होता. बॅप्टिस्टांचं म्हणणं असं : तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नाही. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने, चार माणसांसमोर कबूल करायचं आणि मग सगळं अंग पाण्याखाली घालायचं. त्यामुळे त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती नको, रंगीत काचा नकोत. दोन गोष्टी मात्र हव्यात : बोलायला उंच जागा आणि बुडायला पाणी. नदी जवळ असेल तर नदी, नसेल तर हौद.

"म्हणजे आत हौद आहे?" मामांचे डोळे पहिल्यांदा चमकले.

पण दार बंद. दरवानाने आमच्याकडे बघून हात हलवला : रोबिबार. रविवारी या.

तिथून चालत निर्मलचंद्र स्ट्रीटवर भीम नागच्या मिठाईच्या दुकानात गेलो. मामांनी संदेश फक्त पाहिला (असं ते म्हणतात). नजर होती भिंतीवरच्या जुन्या घड्याळावर. त्याच्या तबकडीवर आकडे बंगालीत आहेत. कुक अँड केल्व्हीच्या साहेबाने नागबाबूंना विचारलं म्हणे, दुकानात घड्याळ का नाही? माझ्या माणसांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, असं उत्तर मिळालं, म्हणून साहेबाने बंगाली आकड्यांचं करून पाठवलं. मामा बराच वेळ मान वर करून उभे. "कुणीतरी हे आधी हाताने काढलं असेल बघ. मग साहेबाने नक्कल केली. काढणाऱ्याचं नाव कुठे असतं?" हा प्रश्न त्यांनी पुढच्या तीन दिवसांत आणखी दोनदा विचारला.

शनिवार

हावड्याहून लोकल. श्रीरामपूर जेमतेम वीसेक किलोमीटर. गर्दी आपल्या दादरसारखी, फक्त भांडणाची भाषा गोड.

श्रीरामपूरच का, हे आधी सांगायला हवं. केरी १७९३ मध्ये हिंदुस्थानात आला. मूळचा नॉर्थॅम्प्टनशायरच्या खेड्यातला, धंद्याने चांभार. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. व्यापार चालला आहे, त्यात धर्माची कटकट कशाला? त्यामुळे पहिली काही वर्षं तो माल्ड्याकडे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. १७९९ मध्ये मार्शमन, वॉर्ड आणि मंडळी एका अमेरिकन जहाजातून आली, ती थेट श्रीरामपूरला उतरली. हे गाव डेन्मार्कच्या राजाचं होतं, नाव फ्रेडरिक्सनगर. तिथला डॅनिश गव्हर्नर ओले बी याने कंपनीला जुमानलं नाही. मग १० जानेवारी १८०० ला केरीही बायकामुलं घेऊन इथे आला. नदीच्या या काठाला डेन्मार्कचं निशाण, त्या काठाला बॅरकपूरची इंग्रजांची छावणी. मध्ये हुगळी.

बाजारातून चालत आधी सेंट ओलाव्ह चर्च लागलं. ते डॅनिश लोकांचं, म्हणजे लुथरन. १८०६ चं. त्याला शिखर आहे, घड्याळ आहे, दर्शनी भागावर राजा सातव्या ख्रिश्चनची नाममुद्राही आहे. पडायला आलेलं हे चर्च अलीकडे नीट दुरुस्त केलं, त्याबद्दल २०१६ मध्ये युनेस्कोचं बक्षीसही मिळालं. मामांनी ते पाच मिनिटांत संपवलं. "हे राजाचं. आपल्या माणसांचं कुठंय?" आपली माणसं म्हणजे एव्हाना केरी वगैरे झाले होते.

आपल्या माणसांनी इथे आल्यावर बांधकाम काढलंच नाही. नदीकाठी एक मोठं घर विकत घेतलं आणि त्याच्या मधल्या दिवाणखान्यात २४ एप्रिल १८०० ला आपली मंडळी, म्हणजे उपासकांचा संघ, स्थापन केली. सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, कमाई एका पेटीत टाकायची असा नियम. त्याच आवारात छापखाना. हौदाची गरज नव्हती, समोर हुगळी होती. २८ डिसेंबर १८०० ला कृष्ण पाल नावाच्या सुताराला आणि केरीच्या थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घाटावर बुडवून बाप्तिस्मा दिला. कृष्ण पालचा खांदा निखळला होता, तो मिशनमधल्या डॉक्टर टॉमसने बसवला. ओळख तिथून सुरू झाली होती. त्या दिवशी काठावर गव्हर्नर होता, गावचे हिंदू-मुसलमान होते. आणि घरात, कुलूप लावलेल्या खोलीत, केरीची बायको डोरोथी होती. एक मूल गेल्यावर तिच्या मनाचा तोल गेला, तो कधी सावरला नाही. १८०७ मध्ये ती गेली. केरीची थोरवी सांगणारे लोक हे वाक्य घाईने उरकतात. मला त्या घाटावर उभं राहून डोरोथीच जास्त आठवत राहिली.

श्रीरामपूर कॉलेज घाटाला लागूनच आहे. स्थापना १८१८ ची, उंच खांबांची इमारत त्यानंतरची. आतला लोखंडी जिना डेन्मार्कच्या राजाची भेट. १८२७ मध्ये राजाने सनद देऊन पदव्या द्यायचा अधिकारही दिला. इथल्या केरी ग्रंथालयासाठी मी महिनाभर आधी पत्र पाठवून परवानगी मागितली होती, मामांना त्याचा पत्ता नव्हता.

टेबलावर मऊ कापड घालून एक जाडसर पुस्तक ठेवलं : केरीचा मराठी-इंग्रजी कोश, श्रीरामपूर, १८१०. त्याआधी १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं होतं, ते बाळबोधीत. पण कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. शिशाच्या खिळ्यांत मोडी!

मामांनी चश्मा काढला, खिशातलं भिंग काढलं. त्यांचे आजोबा कुलकर्णी, त्यामुळे मोडीची तोंडओळख. पहिला शब्द उलगडायला दोन मिनिटं गेली, पण ते वाचतच नव्हते, असं नंतर कळलं. "जोड बघ," ते म्हणाले. मला काही दिसेना. "अगं, मोडी म्हणजे काय? आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला लटकवत, हात न उचलता लिहीत जायचं. वळण हीच तिची जात. आता ती धावती अक्षरं तोडायची, एकेक सुटी ओतायची, आणि शेजारी ठेवल्यावर पुन्हा धावल्यासारखी दिसली पाहिजेत. इथे, ही रेघ बघ. केसभर फट आहे. आणि इथे नाही. ज्याने हे कोरलं तो झोपेतसुद्धा कोरत असणार."

कोरणारी माणसं बंगाली होती. पंचानन कर्मकार, लोहाराच्या जातीचा. १७७८ मध्ये हुगळीला बंगाली खिळे वापरून पहिलं बंगाली व्याकरण छापलं गेलं, तेव्हा चार्ल्स विल्किन्सबरोबर अक्षरं याने पाडली होती. केरीने त्याला आपल्याकडे आणलं. तो गेल्यावर जावई मनोहर. देवनागरीच्या एका संचाला जोडाक्षरांसकट सातशेच्या आसपास वेगवेगळे खिळे लागत. मामांनी आकडा ऐकून नुसती मान हलवली, जशी सासुरवास भोगलेली बाई दुसरीचा सासुरवास ऐकून हलवते.

आणि मराठी सांगणारा? कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. त्याची मराठी होती तिथले पंडित वैजनाथ शर्मा यांच्याकडून घेतलेली. म्हणजे मराठीचा हा छापील संसार उभा केला एका इंग्रज चांभाराने, एका बंगाली लोहाराने आणि एका मराठी शास्त्र्याने, डेन्मार्कच्या जमिनीवर. यातल्या पहिल्याचे पुतळे, पाट्या गावभर दिसतात. उरलेल्या दोघांसाठी आम्ही नजर फिरवत होतो, आम्हाला काही दिसलं नाही. (पंचाननाचं काही असेल तर बंगाली मित्रांनी रागावू नये, आम्ही एकच दिवस होतो.)

तेवढ्यात ग्रंथपालांनी सांगितलं, कॉलेजच्या आधीच याच मिशनने १८१८ मध्ये 'दिग्दर्शन' नावाचं बंगाली मासिक आणि 'समाचार दर्पण' हे साप्ताहिक काढलं. मी आणि मामा एकमेकांकडे बघायला लागलो. बाळशास्त्री जांभेकरांचं १८३२ चं 'दर्पण' आणि १८४० चं 'दिग्दर्शन' आम्हाला शाळेपासून पाठ!

छापखाना मात्र उरलेला नाही. ११ मार्च १८१२ ला संध्याकाळी कागदाच्या कोठाराला आग लागली. चौदा भाषांचे खिळे, केरीची हस्तलिखितं, कागद, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी राखेत चाळून पाहिलं तर अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत. वितळलेलं शिसं गोळा केलं आणि त्याच शिशाचे पुन्हा खिळे ओतायला घेतले. हा भाग मी वाचून दाखवला तेव्हा मामा म्हणाले, "शिसं कुठे जातंय. फक्त आकार जातो." केरीची बाग होती, तिथे पुढे ज्यूट गिरणी आली. आज त्या बाजूला फक्त भिंत दिसते.

थडग्यांकडे गेलो. केरी १८३४ मध्ये गेला. दगडावर स्वतःविषयी दोनच ओळी लिहायला त्याने सांगितल्या होत्या, एका स्तोत्रातल्या, आणि त्यात स्वतःला किडा म्हटलं आहे, दीन, दुबळा किडा. तुकोबांनी अशा ओळीला मान डोलावली असती. मामांनी अक्षरांमधली जागा चुकली आहे, असा शेरा मारला.

परतीला मुद्दाम लाँच घेतली, बॅरकपूरला जाणारी. केरी दर आठवड्याला नावेने कलकत्त्याला जायचा, कॉलेजात शिकवायचा, बोबाजारात उपदेश करायचा आणि परत यायचा. घाटाच्या पायऱ्यांवर मामांच्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. शेजारीच एक चांभार बसलेला. त्याने चप्पल उलटी-सुलटी केली, वास घेतला, "कोथाकार?" विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्याने ती शेजारच्या माणसाला दाखवली, मग शिवली आणि वर दहा रुपये कमी घेतले. लाँचमध्ये मी मामांना केरीची गोष्ट सांगितली. मोठ्या अधिकाऱ्यांच्या मेजवानीत कुणीतरी खवचटपणे विचारलं, हा जोडे बनवायचा ना? केरी म्हणाला, "नाही साहेब, बनवत नव्हतो, नुसते दुरुस्त करायचो." मामा पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "अंगठा मात्र त्याने आपल्यापेक्षा बरा बसवलाय."

रविवार

साडेनऊला बोबाजार. सोनारांची दुकानं बंद होती, त्यामुळे रस्त्याला रुंदी आल्यासारखी वाटली. आज फाटक उघडं.

आत लाकडी बाकं, वर लांब दांड्यांचे पंखे. माणसं असतील साठ-सत्तर, बंगाली, ईशान्येकडची, दोन-तीन अँग्लो-इंडियन म्हाताऱ्या टोप्या घालून. उपासना इंग्रजीत. मामांना कळत नव्हतं, पण गाण्यांच्या वेळी ते सगळ्यांबरोबर उठून उभे राहात होते आणि हातातल्या पुस्तकाची छपाई बघत होते.

उपासना संपल्यावर एक वयस्क गृहस्थ जवळ आले. महाराष्ट्रातून हौद बघायला आलोय म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. "अमेरिकेतून येतात. महाराष्ट्रातून पहिल्यांदाच." त्यांनी दरवानाला हाक मारली. दोघांनी सतरंजी गुंडाळली, खालच्या दोन फळ्या उचलल्या.

कोरडा हौद. चार-पाच पायऱ्या खाली उतरतात. तळाला चुन्याची पांढरी रेघ, पाणी कुठवर येतं त्याची. एका कोपऱ्यात प्लास्टिकची बादली आणि केरसुणी. ओलीचा वास, आपल्याकडे आडाच्या तोंडाशी येतो तसला.

अमेरिकन लोक या खड्ड्यासाठी का येतात, ते असं. फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुण अमेरिकन मिशनरी हिंदुस्थानकडे निघाले. त्यांचा पंथ बॅप्टिस्ट नव्हता, ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. त्यातला अ‍ॅडोनिराम जडसन आणि त्याची नवी नवरी अ‍ॅन एका जहाजावर. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी वाद घालावा लागणार, मुद्दे तयार हवेत, म्हणून जडसन चार महिने बोटीवर ग्रीक बायबल घेऊन बसला. आणि झालं उलटंच. वाचता वाचता त्यालाच वाटायला लागलं की समोरच्यांचं बरोबर आहे. अ‍ॅन म्हणायची, तू बॅप्टिस्ट झालास तर हो, मी होणार नाही. शेवटी ६ सप्टेंबर १८१२ ला, तोही रविवार, विल्यम वॉर्डने दोघांनाही या हौदात बुडवलं. दोन महिन्यांनी त्यांचा सोबती ल्यूथर राइस याच हौदात उतरला आणि अमेरिकेत परत जाऊन बॅप्टिस्टांकडून पैसे गोळा करू लागला. कंपनीने जडसनला हाकलल्यावर तो फिरत फिरत रंगूनला पोचला. बर्मी भाषेतलं बायबल त्याचं.

इथपर्यंतची गोष्ट पाटीवर आणि त्या गृहस्थांच्या तोंडी होती. उरलेली मी मामांना सांगितली, कारण ती आपली आहे. त्या पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या हौदात उतरले नाहीत. त्यांनाही कंपनीने देशाबाहेर जायला सांगितलं होतं. ते पोलिसांचा डोळा चुकवून कलकत्त्याहून निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबई बंदरात उतरले. तीच पुढची अमेरिकन मराठी मिशन. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला कॉलऱ्याने गेला. पण त्यांचा मुंबईतला छापखाना १८१७ पासून मराठी छापत होता. पुढे टॉमस ग्रॅहम तिथे उत्तम खिळे पाडू लागला...

"आणि ग्रॅहमच्या हाताखाली जावजी दादाजी!" मामा इतक्या मोठ्याने बोलले की मागच्या बाकावरची टोपीवाली म्हातारी वळली. "निर्णयसागर छापखान्याचे जावजी! तिथे टाइप घासायला पोरगा म्हणून लागले होते. आणि त्याआधी गणपत कृष्णाजी, त्यांनी मिशनचाच छापखाना बघून आपला काढला. अगं, आमच्याकडची खिळ्यांची पहिली केस निर्णयसागरची होती. मी तिच्यावर शिकलो."

त्या गृहस्थांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, काकाबाबू काय म्हणतात? मी म्हटलं, ओळखीचं निघालं.

मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. "किती खोल?" दरवानाने हात छातीशी नेऊन दाखवला. "आणि भरायला?" नळाने रात्रभर, असं कळलं. मग विचारलं, पूर्वी नळ कुठे होते, तेव्हा कोण भरायचं? भिस्ती असणार, गृहस्थ म्हणाले. मामा माझ्याकडे वळले. "बघ. त्याचंही नाव नाही."

फळ्या परत बसवताना एक थोडी वर राहिली. मामांनी चपलेने दाबून ती सपाट केली, अंगठ्याकडे लक्ष ठेवत.

सोमवार

गाडीत. सांगण्यासारखं फार नाही. सँडविच महाग, चहा पाणचट. संदेशाचं खोकं मामांनी उशाशी ठेवलं आहे, "मामीसाठी."

डोंगरगढ गेल्यावर दुतर्फा जंगल लागलं. जानेवारी संपत आलेला, काही झाडांची पानं लाल होऊन गळायला लागलेली. मला आठवलं आणि सांगितलं : केरीला झाडांचं वेड होतं, तेव्हा रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका झाडाच्या कुळीला त्याचं नाव दिलं, केरिया. आपल्या सह्याद्रीत सगळीकडे आहे. कुंभा.

"कुंभा? म्हणजे आमच्या कोयनेकडे असतो तो?"

तोच.

मामा खिडकीला नाक लावून बसले. दोनदा बोट दाखवलं, "तो का?" पळत्या गाडीतून मला काय कळणार. थोड्या वेळाने विचारलं, "मग वैजनाथाच्या नावाचं झाड कुठलं?"

बघते म्हणून फोन काढला. रेंज नव्हती.